स्पष्टीकरण

माननीय महोदय,
आपलं पत्र मिळालं.
बिल्ला क्रमांक सतरा, धारक सगुण वेळीप, वास्को,
एप्रिल ते जून :
‘वाचता आला नाही. कारण कळवावे.’

कारण एक नाही,
आणि दिलेल्या रकान्यात मावणारं नाही,
म्हणून वेगळा कागद जोडतो आहे.

आमची गोदी समुद्राला पाठ टेकून बसलेली.
इथे सहा महिन्यांत कुलूप आपली किल्ली ओळखत नाही,
चष्म्याच्या काडीवर हिरवं चढतं.
तुमच्या बिल्ल्याची क्लिप मे लागताच मोडली,
मी ती वेल्डिंगच्या तारेने बांधली.
तार स्टेनलेसची होती. तीही गंजली.

काम रात्रीचं. बाकीचे घरी गेले की
दोर बांधायचा, लाल दिवा लावायचा,
आणि पेटीतून इरिडियम बाहेर काढून
जहाजाच्या पोटातल्या सांध्यांचे फोटो घ्यायचे :
कुठे हवा राहिली, कुठे भेग,
ते पोलादाच्या आरपार.

तर, बिल्ला.
मेमध्ये तो दोन दिवस स्कूटरच्या डिकीत राहिला.
इनासने सायबिणीसाठी घेतलेली मेणबत्ती त्याच डिकीत होती,
ती नमस्कार केल्यासारखी वाकली.
जूनमध्ये शेवंतीने खिशासकट शर्ट धुतला.
मग घाबरून बिल्ला तांदळात पुरला,
फोन भिजला की पुरतात तसा.
चौथ्या दिवशी काढला तेव्हा आतल्या कागदावर बुरशी
आणि वर एक पोरकिडा, आरामात.
मग मी तो खिडकीत, उन्हात ठेवला.
तसं करायचं नसतं. मला माहीत आहे.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
आतल्या तीन चकत्या सगळं साठवून ठेवतात,
आणि तापवल्या की जेवढं साठवलं तेवढा उजेड देतात.
एकदाच.
आमच्याकडचं ऊन थोडंफार आधीच वाचून गेलं असेल.
किती, ते उन्हाला विचारता येत नाही.

आता जे आपण विचारलेलं नाही ते.

सव्वीस एप्रिल, रात्री दोनच्या पुढे
इरिडियम पेटीत परत जाईना.
नळीत कुठेतरी अडकलं.
मी हँडल फिरवत राहिलो, उलटं, सुलटं, पुन्हा उलटं.
सात मिनिटं म्हणतो आहे ती अंदाजाने,
तेवढ्यात बार्जचा भोंगा दोनदा झाला.
खिशातल्या पेन-मीटरची रेघ टोकाच्याही पलीकडे.
हळर्णकर बाई म्हणाल्या, दमट हवेत त्याचा चार्ज गळतो,
काही नसताना वाढवून दाखवतो.
खरं आहे. त्या आठवड्यात
कपाटात पडून असलेला पेनही पुढे सरकला होता.
म्हणजे साक्षीदार दोन.
एकाला दमट हवेत बडबड सुटते,
दुसरा विसरतो.
माझा आकडा त्यांच्या मध्ये कुठेतरी असणार.

रक्त तपासलं. ठीक आहे म्हणाले.
शेवंतीला मी मधुमेहाची तपासणी सांगितली,
तेव्हापासून घरात चहा बिनसाखरेचा आहे.

आपण नियमाप्रमाणे अंदाजे आकडा भराल. मान्य आहे.

फक्त क्रमांक अठरा काढून पहा.
इनास बार्रेटो, प्रशिक्षणार्थी, वय एकवीस.
त्याचा अहवाल व्यवस्थित आला : शून्य.
बिल्ला कोरडा, कागद कोरा, क्लिप चकचकीत.
त्या रात्री तो ऑफिसात, एसीखाली, खिळ्याला टांगलेला होता,
कंट्रोलच्या बिल्ल्याला खेटून,
ज्याचा आकडा आपण आमच्यातून वजा करता.
आणि इनास माझ्या मागे उभा होता,
बॅटरी धरून.
उजेड जरासुद्धा हलला नाही.

माझ्या बिल्ल्याचं कारण वर दिलं आहे.
त्याच्या बिल्ल्याचं कोणी मागितलेलं नाही.

पुढच्या तिमाहीचे दोन्ही वेळेवर पाठवावेत.
क्लिप प्लास्टिकची असली तर बरं.

आपला,
सगुण वेळीप